पाटणच्या तेलघाण्यांवर चालायची गणिताची शाळा : भास्कराचार्यांचं आयुष्य आणि त्यांच्यानंतरची गोष्ट

९ ऑगस्ट १२०७. श्रावणातली पौर्णिमा होती आणि त्या रात्री चंद्राला ग्रहण लागलं होतं. चाळीसगावजवळच्या पाटण गावात सोइदेव नावाच्या राजाने ग्रहणाचा मुहूर्त साधून एक दान दिलं. ग्रहणात दान करणं तेव्हा नेहमीचंच होतं. राजे लोक गाई द्यायचे, जमिनी द्यायचे, देवळाच्या नावाने गाव लिहून द्यायचे. हे दान मात्र एका मठाला होतं, आणि त्या मठाचं काम होतं एकाच माणसाचे ग्रंथ शिकवणं. गणिताचे आणि खगोलशास्त्राचे ग्रंथ.

तो माणूस म्हणजे भास्कराचार्य.

भास्कराचार्य म्हटलं की आपल्याला शाळेतलं आठवतं ते म्हणजे लीलावती, शून्य आणि फार तर गुरुत्वाकर्षणावरचा एखादा व्हॉट्सॲप फॉरवर्ड. पण त्यांनी एवढं लिहून ठेवलं, ते आठशे वर्षं टिकलं कसं, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. ग्रंथ आपोआप टिकत नाही. त्याची नक्कल कुणीतरी करावी लागते, तो कुणीतरी शिकवावा लागतो आणि शिकवणाऱ्याच्या पोटापाण्याची सोय कुणीतरी करावी लागते. भास्कराचार्यांच्या बाबतीत ही सोय कुणी केली आणि कशी केली, याचा चक्क दगडात कोरलेला हिशोब आहे. म्हणून या गोष्टीत गणिताइतकाच बाजारही येतो.

घराण्यातच पोथ्या होत्या

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा. ही तारीख पुढच्या कुणी अंदाजाने ठरवलेली नाही, त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात देऊन ठेवली आहे. सांगण्याची पद्धत मात्र त्या काळची. आकडे थेट लिहायचे नाहीत, आकड्यांसाठी शब्द वापरायचे. सहासाठी रस, कारण चवी सहा. तीनासाठी गुण, कारण सत्त्व, रज, तम असे गुण तीन. शून्यासाठी पूर्ण आणि एकासाठी पृथ्वी, कारण ती एकच. मग हे आकडे उलटीकडून वाचायचे, की १०३६ मिळतात. श्लोकाच्या वृत्तात आकडा बसवायचा आणि नक्कल करणाऱ्याच्या हातून तो चुकू नये, अशी दोन्ही कामं या युक्तीने होतात. आकडा चुकला तर सहज खपून जातो, शब्द चुकला तर वृत्त मोडतं आणि वाचणाऱ्याला लगेच कळतं.

वडिलांचं नाव महेश्वर. ते स्वतः ज्योतिषी होते आणि भास्कराचार्यांचे गुरूही तेच. गावाचं नाव भास्कराचार्य विज्जडविड असं सांगतात आणि ते सह्य पर्वताच्या जवळ असल्याचं सांगतात. आता हे विज्जडविड नेमकं कुठलं, यावर जुना वाद आहे. कुणी बीडकडे बोट दाखवतं, कर्नाटकात ते विजापूर मानतात आणि महाराष्ट्रातले बरेच अभ्यासक पाटणच्या परिसराकडे झुकतात. घराण्याचा दगडी पुरावा पाटणलाच सापडला असल्यामुळे पाटणची बाजू जड वाटते. पण शिलालेख नातवाने लावला आहे आणि माणसं पिढ्यापिढ्यांत गाव बदलतात, हेही लक्षात ठेवायला हवं.

त्या शिलालेखात घराण्याची वंशावळ आहे. त्रिविक्रम, त्यांचा मुलगा भास्करभट्ट, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि मग आपले भास्कराचार्य. यातल्या भास्करभट्टांना भोजराजाने विद्यापती ही पदवी दिल्याचं तिथे म्हटलं आहे. म्हणजे या घराण्याला राजवाडा नवा नव्हता. आजच्या भाषेत सांगायचं तर पिढ्यान् पिढ्या हे लोक याच व्यवसायात होते. पंचांग करायचं, ग्रहणं काढायची, मुहूर्त सांगायचे आणि त्यासाठी लागणारं गणित मुलाला शिकवायचं.

गंमत म्हणजे भास्कराचार्य आपला जन्म, गाव, वडील हे सगळं सांगतात, पण आपल्या पोशिंद्या राजाचं नाव घेत नाहीत. ते उज्जैनच्या वेधशाळेचे प्रमुख होते असं अनेक पुस्तकांत आणि वेबसाइट्सवर बिनदिक्कत छापलेलं असतं. त्याला त्यांच्या काळातला पुरावा नाही आणि अनेक अभ्यासक ते मानत नाहीत.

३६ व्या वर्षी लिहिलेला ग्रंथ

१११४ ला जन्म आणि ११५० ला 'सिद्धान्तशिरोमणि' पूर्ण. म्हणजे वय ३६. या ग्रंथाचे चार भाग आहेत. लीलावती म्हणजे अंकगणित आणि क्षेत्रफळं, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय.

लीलावती उघडली की पहिल्यांदा काय लागतं? नाणी आणि मापं. २० वराटक, म्हणजे कवड्या, मिळून १ काकिणी. ४ काकिणींचा १ पण. १६ पणांचा १ द्रम्म. १६ द्रम्मांचा १ निष्क. त्यानंतर सोन्याची वजनं, लांबीची मापं, धान्याची मापं. पुढे व्याजाची गणितं आहेत, धान्याच्या राशीचं माप काढण्याची आहेत, खणलेल्या खड्ड्याची आहेत, लाकूड करवतीने कापायची मजुरी काढण्याचीही आहेत. ग्रहताऱ्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग बाजारातून आणि शेतातून सुरू होतो. कारण शिकणाऱ्याचा हात आधी आकडेमोडीला बसायला हवा. पाटीवर धूळ पसरायची, तिच्यावर आकडे काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे, अशी ती पद्धत.

उदाहरणं तर अशी आहेत की आजचा पेपर काढणारा लाजेल. ३२ हात उंचीचा बांबू वाऱ्याने मोडला, त्याचं टोक बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकलं, तर तो किती उंचीवर मोडला? उत्तर १२ हात. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या तळाशी सापाचं बीळ आहे, साप २७ हातांवरून बिळाकडे निघाला आहे, मोराने तिरकी झेप घेतली आणि दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर गाठ कुठे पडली? बिळापासून १२ हातांवर. दोन्ही गणितं एकाच काटकोन त्रिकोणाच्या नियमाने सुटतात, पण बांबू आणि मोर डोक्यात राहतात.

बीजगणितात मामला गंभीर होतो. तिथे एक प्रश्न आहे. कुठल्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला, की पुन्हा पूर्ण वर्ग मिळतो? साधा वाटतो, पण सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० आहे आणि तो दुसरा वर्ग १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा आहे. एकेक संख्या घालून बघत बसलात तर जन्म पुरणार नाही. भास्कराचार्यांनी ते चक्रवाल या पद्धतीने काही पायऱ्यांत सोडवून दाखवलं. पद्धत त्यांच्या आधीही माहीत होती, जयदेव नावाच्या गणित्याकडे तिचा धागा जातो. पण तिची नीट मांडणी करून ६१ सारखं अवघड उदाहरण सोडवायचं काम भास्कराचार्यांचं. फ्रान्सच्या फर्माने नेमका हाच ६१ चा प्रश्न १६५७ मध्ये युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान म्हणून घातला होता. मध्ये ५०० वर्षांचं अंतर आहे.

सगळंच बरोबर होतं असं नाही. शून्याने भागलं तर येणाऱ्या राशीला त्यांनी खहर म्हटलं आणि तिच्यात काही मिळवलं किंवा वजा केलं तरी ती बदलत नाही, हे ओळखलं. पण एखाद्या संख्येला शून्याने गुणून पुन्हा शून्यानेच भागलं, तर मूळ संख्या परत मिळते असंही त्यांनी धरलं. आजच्या गणितात हे चालत नाही. हे लिहायला काही हरकत नसावी, कारण स्वतः भास्कराचार्य आपल्या आधीच्या लोकांच्या चुका काढताना कुणाची भीड ठेवत नाहीत. गोलाच्या पृष्ठफळाचं चुकीचं सूत्र दिल्याबद्दल त्यांनी लल्लाचार्यांना धारेवर धरलं आहे. योग्य उत्तर त्यांनी दिलं : मधोमध कापल्यावर दिसणाऱ्या वर्तुळाच्या चौपट. चेंडूवर जाळं गुंडाळलेलं असतं तसं हे फळ समजा, असा दाखलाही दिला.

गोलाध्यायात ते पृथ्वी कशावर उभी आहे याचा विचार करतात. शेषाच्या डोक्यावर म्हणाल, तर शेष कशावर? त्याच्याखाली अजून काही म्हणाल, तर ते कशावर? कधीतरी कुणालातरी स्वतःच्याच बळावर उभं राहावं लागणार, मग ते पृथ्वीनेच का राहू नये, असा त्यांचा युक्तिवाद आहे. ग्रहणाचंही तसंच. चंद्रग्रहण आणि सूर्यग्रहण यांच्या सुरुवातीची दिशा वेगळी, लागणारा वेळ वेगळा, झाकलेल्या भागाचा आकार वेगळा. तेव्हा दोन्ही एकाच राहूने गिळल्यामुळे होतात असं कसं म्हणता येईल? चंद्र पृथ्वीच्या सावलीत जातो, हे ते गणिताने मांडतात. आणि मग राहू त्या सावलीतच शिरून चंद्राला झाकतो, अशी तडजोडही करतात, म्हणजे पुराणही खोटं ठरत नाही. ही तडजोड आज वाचताना थोडी अवघड वाटते. पण ज्या समाजात ग्रहण लागलं की राजा दान सोडतो आणि त्या दानावर गणिताचा मठ चालतो, तिथे राहूला पूर्ण हाकलून देणं परवडणारं नव्हतं, असं मला वाटतं.

यानंतर ११८३ मध्ये, म्हणजे ६९ व्या वर्षी, त्यांनी 'करणकुतूहल' लिहिला. मोठा सिद्धान्तग्रंथ न चाळता पंचांगाचं गणित झटपट करता यावं म्हणून केलेलं हे सोपं पुस्तक. तरुणपणी सगळं सिद्ध करून दाखवायचं आणि म्हातारपणी रोजच्या कामाचं पुस्तक लिहायचं, हा क्रम मला फार आवडतो.

लीलावती खरंच त्यांची मुलगी होती का?

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. लीलावतीच्या पत्रिकेत वैधव्य होतं. भास्कराचार्यांनी एकच शुभ घटका काढली. वेळ मोजायला पाण्यात भोकाची वाटी ठेवली. मुलगी कुतूहलाने वाकून बघायला गेली, तिच्या दागिन्यातला मोती वाटीत पडला, भोक बुजलं, घटका टळली आणि लग्न बिघडलं. मग बापाने तिचं नाव अमर राहावं म्हणून ग्रंथाला ते दिलं.

ही गोष्ट आली ती अकबराच्या दरबारातून. १५८७ मध्ये फैजीने लीलावतीचं फारसी भाषांतर केलं आणि त्याच्या प्रस्तावनेत ती सांगितली. म्हणजे ग्रंथ झाल्यावर चारशेहून जास्त वर्षांनी. भास्कराचार्य काही उदाहरणांत एका मुलीला उद्देशून बोलतात हे खरं, पण कुठे मित्राला, कुठे जाणकार गणितज्ञालाही हाक मारतात. नातवाच्या शिलालेखात मुलगा लक्ष्मीधर आहे, मुलीचा उल्लेख नाही. वंशावळीत मुलींची नावं येतच नसत, त्यामुळे तेवढ्यावरून ती नव्हतीच असं म्हणता येत नाही. पण वाटी आणि मोत्याची गोष्ट इतिहास म्हणून सांगू नये.

मुलाला राजवाड्यात बोलावणं आलं

११८७ च्या सुमारास यादव राजा पाचवा भिल्लम स्वतंत्र झाला आणि देवगिरी ही राजधानी झाली. नव्या राज्याला नाव हवं असतं, आणि त्या काळी नाव विद्वानांमुळेही व्हायचं. भिल्लमाचा मुलगा जैत्रपाल याने भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला पाटणहून नेलं आणि आपल्या दरबारातल्या पंडितांचा प्रमुख केलं. पुढे लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा यादव सम्राट सिंघणाचा मुख्य ज्योतिषी झाला. (हा चांगदेव म्हणजे वाघावर बसून ज्ञानेश्वरांना भेटायला गेलेले चांगदेव नव्हेत. नाव एकच, माणूस वेगळा.)

राजाने विद्वान वाड्यात नेऊन ठेवायचे, ही रीत फक्त देवगिरीची नव्हती. मध्ययुगात याचं सगळ्यात गाजलेलं ठिकाण होतं कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, बायझंटाइन साम्राज्याची राजधानी. नवव्या शतकात तिथे गणिती लिओ नावाचा विद्वान खासगी शिकवण्या घेऊन दिवस काढत होता. त्याचा एक शिष्य अरबांच्या हाती सापडला आणि त्याची भूमिती बघून बगदादच्या खलिफा अल-मामूनने लिओलाच बोलावणं धाडलं, अशी कथा तिथले इतिहासकार सांगतात. आपला माणूस शत्रूकडे जातोय म्हटल्यावर सम्राट थिओफिलसला जाग आली आणि त्याने लिओला पगार देऊन शिकवायला बसवलं. पुढे बर्दास या बड्या सरदाराने राजवाड्याच्या आवारातल्या मॅग्नॉरा या वास्तूत शाळा काढली. तत्त्वज्ञान, भूमिती, खगोल, व्याकरण असे विषय, आणि प्रमुख लिओ. दोनशे वर्षांनी, १०४७ च्या सुमारास, नवव्या कॉन्स्टँटाइनने कायद्याची शाळा उघडली आणि मायकेल प्सेलोस या पंडिताला तत्त्ववेत्त्यांचा प्रमुख अशी पदवी दिली. लक्ष्मीधराला मिळालेलं पद जवळपास याच जातीचं.

पण अशा शाळांची एक अडचण असते. पैसा एकाच दारातून येतो. दारामागचा माणूस फिरला की सगळं फिरतं. प्सेलोसवरची सम्राटाची मर्जी उतरली आणि १०५४ मध्ये त्याला दरबार सोडून मठात संन्यासी व्हावं लागलं. शिकवणं राजाच्या पगारावर असेल, तर राजाच्या मूडवरही असतं.

चांगदेव सिंघणाच्या दरबारात मोठ्या जागेवर होता. आजोबांच्या नावाची शाळा तो देवगिरीच्या वाड्यातच काढू शकला असता. त्याने ती पाटणला काढली, जिथून वडिलांना उचलून नेलं होतं तिथेच. भास्कराचार्यांचे ग्रंथ आणि घराण्यातल्या इतरांनी लिहिलेले ग्रंथ या मठात शिकवले जावेत, असं त्याने शिलालेखात घालून दिलं.

आणि खर्च कोण करणार?

पाटणवर तेव्हा निकुंभ घराण्याचं राज्य होतं. हे यादवांचे मांडलिक. त्यातल्या सोइदेवाने मठाला दान दिलं, त्याच्या मागे गादीवर आलेला भाऊ हेमाडिदेव यानेही दिलं. या शिलालेखाचा सगळ्यात जिवंत भाग शेवटी आहे. वंशावळ, राजांची स्तुती, भास्कराचार्यांची थोरवी हे सगळं संस्कृतात चाललेलं असतं. भास्कराचार्यांच्या शिष्यांशीही वादाला कुणी उभं राहू शकत नसे, इथपर्यंत कौतुक येतं. आणि पैशाचा विषय निघाल्याबरोबर भाषा बदलते. मराठी सुरू होते. आज हा लेख मराठीच्या सुरुवातीच्या शिलालेखांत मोजला जातो तो या ओळींमुळे.

कारण सरळ आहे. स्तुती पंडितांनी वाचायची होती, नियम बाजाराने पाळायचे होते.

नियम काय होते? पाटणच्या बाजारात जो माल विक्रीला उघडला जाईल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जो वाटा मिळायचा तो मठाला. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. गावात जेवढे तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे पळीभर तेल. आणि सगळ्यात हुशारीचा नियम म्हणजे, जे काही मापायचं ते मठाच्या मापाने मापायचं, आणि मापण्याबद्दल जे मिळेल त्यातलं अर्धं मठाचं, अर्धं मापाड्याचं.

यातली अक्कल बघा. राजाने खजिन्यातून वर्षाला अमुक द्रम्म देतो म्हटलं असतं, तर पुढचा राजा ते बंद करू शकला असता. इथे उत्पन्न रोजच्या व्यवहाराला चिकटवलं आहे. बाजार भरला की मठाला मिळणार. पळीभर तेल हे पैशाच्या भाववाढीत बुडत नाही, शिवाय रात्री पोथी वाचायला दिवा लागतोच. माप मठाचं ठेवल्याने मापाड्याचा स्वतःचा अर्धा हिस्सा त्या व्यवस्थेत अडकला, म्हणजे वसुली नीट व्हावी यात त्याचाही फायदा. ज्यांच्या पुस्तकाचं पहिलं पान नाण्यामापांचं, त्यांची शाळा गावच्या मापावर चालावी, हा योग जुळून आला आहे.

हे सगळं फार जुनं वाटत असेल तर आमच्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या मार्केट यार्डात एक चक्कर मारा. सोयाबीन किंवा कापूस उतरला की हमाली आली, तोलाई आली, आणि बाजार फी आली, जी खरेदीदाराकडून घेतली जाते. शेतकऱ्याकडून न घेता गिऱ्हाइकाकडून घ्यायची, हा पाटणच्या दगडावरचाच हिशोब. फरक इतकाच, की पाटणला ती फी खगोलशास्त्राला जायची.

आता याच ओळींची दुसरी बाजू. पळीभर तेल देणाऱ्या तेल्याच्या पोराला त्या मठात शिकायला मिळत होतं, असं म्हणायला शिलालेखात काहीही आधार नाही. शिकवणं संस्कृतात, ग्रंथ संस्कृतात, आणि संस्कृत शास्त्र शिकायची मुभा कुणाला होती हे आपल्याला ठाऊक आहे. मराठी आली ती फक्त वसुलीपुरती. विद्येसाठी मराठी वापरण्याचा आग्रह त्याच शतकात पुढे महानुभावांनी आणि ज्ञानेश्वरांनी धरला, पण तो अध्यात्माचा प्रांत होता. मोर आणि सापाचं गणित तेल्याच्या पोराला सुटलं असतं की नाही, हा प्रश्न त्याला कधी कुणी घातलाच नाही. खर्च सगळ्यांनी करायचा आणि शिकायचं मोजक्यांनी, ही या मठाची खरी मर्यादा आहे आणि कौतुकाच्या भरात ती झाकू नये.

घराण्यातली दुसरी पातीही याच कामात होती. भास्कराचार्यांच्या भावाचा, श्रीपतीचा, नातू अनंतदेव हाही सिंघणाच्या दरबारात मुख्य ज्योतिषी होता. त्याने १२२२ मध्ये चाळीसगावजवळच्याच बहाळला भवानीचं देऊळ बांधलं आणि तिथेही शिलालेख आहे.

पाटणहून पाथरीपर्यंत

१२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची धाड देवगिरीवर आली आणि पुढच्या वीसेक वर्षांत यादवांचं राज्य संपलं. पाटणही पुढे ओस पडत गेलं. पण तोवर ग्रंथ बाहेर पडले होते.

संस्कृत शास्त्रग्रंथ नुसता वाचून कळत नाही, हे इथे समजून घ्यायला हवं. नियम दोन ओळींत सांगितलेला असतो, तो का खरा हे बहुतेक वेळा त्यात नसतं. ते गुरू तोंडी सांगतो किंवा टीकाकार लिहून ठेवतो. भास्कराचार्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथावर वासनाभाष्य लिहिलं, त्यात वासना म्हणजे उपपत्ती, कारणमीमांसा. त्यांच्या नंतर ही जबाबदारी टीकाकारांवर आली, आणि इथे आपला गोदाकाठ येतो.

परभणी जिल्ह्यातलं पाथरी म्हणजे जुनं पार्थपूर. तिथल्या ज्ञानराजांनी १५०३ मध्ये 'सिद्धान्तसुंदर' हा खगोलाचा ग्रंथ लिहिला. त्यांचा मुलगा सूर्यदास याने भास्कराचार्यांच्या बीजगणितावर १५३८ मध्ये 'सूर्यप्रकाश' आणि लीलावतीवर १५४१ मध्ये 'गणितामृतकूपिका' या टीका लिहिल्या. म्हणजे पाटणच्या मठाचं काम तीनशे वर्षांनी पाथरीत चालू होतं, आणि तिथे दगडात कोरलेला कुठला कर नव्हता, बापाने लेकाला शिकवायचं हीच व्यवस्था. साई जन्मभूमी म्हणून पाथरीचं नाव बातम्यांत येतं, सूर्यदासाचं कधी येत नाही. कोकणात मुरुडजवळच्या नांदगावला गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' लिहिली. त्यांचे शिष्य दिवाकर गोदाकाठच्या गोलग्रामचे. त्यांचं घराणं पुढे काशीला गेलं आणि त्यातल्याच नृसिंहाने १६२१ मध्ये सिद्धान्तशिरोमणीवर वार्तिक लिहिलं.

तिकडे फैजीनंतर शाहजहानच्या काळात अताउल्ला रशीदी याने बीजगणिताचंही फारसी भाषांतर केलं. इंग्रजांनी आधी तीच वाट धरली. एडवर्ड स्ट्रॅचीने १८१३ मध्ये बीजगणित इंग्रजीत आणलं ते फारसीवरून. १८१६ मध्ये जॉन टेलरची लीलावती मुंबईत छापली गेली आणि १८१७ मध्ये कोलब्रुकने दोन्ही ग्रंथ थेट संस्कृतातून इंग्रजीत दिले. फर्माचं जुनं आव्हान इथे कुणीतरी आधीच सोडवलं होतं, हे युरोपातल्या वाचकांना या पुस्तकांमुळे कळलं.

इतकं सगळं होऊनही भास्कराचार्यांचं घराणं, मुलगा, नातू, मठ यांची कुणालाच कल्पना नव्हती. मुंबईचे डॉक्टर आणि संशोधक भाऊ दाजी लाड यांनी चाळीसगावपासून दहाएक मैलांवर ओसाड पडलेल्या पाटणमध्ये भवानीच्या देवळात हा शिलालेख शोधला आणि १८६५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. १८९० च्या दशकात जर्मन पंडित फ्रांझ कीलहॉर्न यांनी तो 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडात नीट संपादून छापला. लेखात श्रावण पौर्णिमा आणि चंद्रग्रहण असा उल्लेख आहे, इंग्रजी तारीख अर्थातच नाही. ती गणिताने मागे जाऊन काढावी लागते, आणि तशी काढली की ९ ऑगस्ट १२०७ येते.